कुकडीच्या कांठानें एकटाच

आमच्या घरीं लिहिण्याच्या मेजावर एक काळा गोटा आहे. पेरूहून मोठा, नारळाहून लहान; कोणत्याही अंगानें ठेवला तरी सारखाच दिसेल इतका वाटोळा. ती. आप्पा पाटबंधाऱ्याच्या मोजणीच्या कामावर जुन्नर-पारनेरकडे असतांना निघोज येथील कुकडी नदीच्या पात्रांतून त्यांनीं तो आणला. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षें तो आमच्या घरांतील कागद वाऱ्यापासून राखीत आला आहे. विजेचीं बिलें, लग्नपत्रिका, मुलांचीं प्रगतिपुस्तकें, आप्पांच्या औषधांच्या याद्या, सारें त्याच्याखालून गेलें. लहानपणीं मीं आप्पांना एकदां विचारलें, "हा कोणी घडवला?" ते म्हणाले, "नदीनं घडवला. आणि ह्यानं नदीला घडवलं. तुला एकदा नेऊन दाखवीन." तें नेणें राहूनच गेलें. आधीं त्यांच्या बदल्या आल्या, मग माझ्या परीक्षा, मग माझी नोकरी, मग त्यांचे गुडघे. आणि चार वर्षांपूर्वीं आप्पाच गेले.

मी व्यवसायानें भूगोलाचा शिक्षक. नदीच्या कार्याचा धडा मीं तीस वर्षें शिकविला. फळ्यावर रांजणखळग्याची आकृति शेंकडों वेळां काढली. परंतु खरा रांजणखळगा मीं कधीं पाहिला नव्हता, आणि ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांस ठाऊक नव्हती. गेल्या भाद्रपदांत आप्पांचें श्राद्ध झालें. दुपारीं पंगत उठल्यावर मी मेजाशीं बसलों असतां सहज तो गोटा हातीं घेतला, आणि मनाशीं ठरविलें कीं, आतां जावयाचें. आणि एकट्यानेंच जावयाचें.

एकट्यानें कां, असें वाचक विचारतील. घरच्यांनींही तेंच विचारलें. आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. अकरा माणसांचा प्रवास म्हणजे अकरा भुका, अकरा तहाना, आणि दर अर्ध्या तासानें "अजून किती लांब?" हा प्रश्न. त्यांतही आनंद आहे, नाहीं असें नाहीं. परंतु एखाद्या दगडापुढें कांहीं न बोलतां दोन तास उभें राहावयाचें असेल, तर त्याला सोबत नसलेलीच बरी. सौभाग्यवतीला हें लवकर पटलें. आत्याला पटलें नाहीं. ती आप्पांची धाकटी बहीण, ऐंशीच्या घरांतली, आणि घरांतील शेवटचा शब्द अजून तिचाच. "पितृपंधरवड्यात कुणी प्रवासाला निघतं का रे? आणि निघायचं तर असं एकट्यानं?" असें ती दोन दिवस म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशीं तिनें तीन अटींवर परवानगी दिली. रोज रात्रीं आठ वाजतां फोन करावयाचा. अंधार पडल्यावर डोंगरांतला रस्ता धरावयाचा नाहीं. आणि दादाचा गोटा नेतोस तसा परत आणावयाचा. तिन्ही अटी मीं मान्य केल्या. पहिल्या दोन पहिल्याच दिवशीं मोडतील, असें त्या वेळीं वाटलें नव्हतें.

आम्ही कल्याणास राहतों. सकाळीं माझी लहानशी मोटार घेऊन मी निघालों. मुरबाड मागें पडलें कीं रस्त्याच्या दोन्ही अंगांस भातखाचरें लागतात, आणि त्यांच्यापलीकडे सह्याद्रीची भिंत आडवी उभी राहते. भात निसवलें होतें. भिंतीचा माथा ढगांत होता. ही भिंत एका अखंड दगडाची नव्हे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस वर आला. चित्रांतल्या ज्वालामुखीप्रमाणें तो आकाशांत उसळला नाहीं. पुराच्या पाण्यासारखा तो सपाट पसरत गेला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, दुसऱ्यावर तिसरा, असें पुष्कळ वेळां झालें. आज ह्या थरांनीं व्यापलेला प्रदेश सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि कांहीं ठिकाणीं त्यांची एकंदर जाडी दोन किलोमीटरांहूनही अधिक भरते. ह्यांतला कठीण थर झिजला म्हणजे त्याचा उभा कडा होतो. मऊ, सच्छिद्र थर झिजला म्हणजे त्याची उतरण होते. उतरणीवर माती ठरते, मातीवर गवत उगवतें. म्हणून आपला डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. युरोपांतील भूशास्त्रज्ञांनीं अशा खडकाला 'ट्रॅप' म्हटलें. तो शब्द जिना ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आपणही नदीकांठच्या पायऱ्यांना घाट म्हणतों आणि डोंगरावर चढणाऱ्या वाटेलाही घाटच म्हणतों.

माळशेज घाटाच्या मध्यावर मला वाहनांची रांग लागली. पुढें दरड कोसळून मोठमोठे धोंडे रस्त्यावर आले होते, आणि ते हलवीपर्यंत तीन तास गेले. डाव्या हाताला कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर पडत होतें. उजव्या हाताला दरी असावी, परंतु दिसत नव्हती, कारण तेथें पांढऱ्या धुक्याशिवाय कांहींच नव्हतें. पुस्तकांत आपण लिहितों, 'अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात.' हें वाक्य मीं किती वेळां सांगितलें असेल! त्या दिवशीं तें वाक्य माझ्या कांचेवर पाणी होऊन ओघळत होतें. माझ्या पुढें उभ्या असलेल्या एस. टी. चा चालक खालीं उतरून आला. "एकटेच का, मास्तर?" (मी शिक्षक आहें हें लोकांना कसें कळतें, कोण जाणे.) "माझे लाल दिवे सोडू नका. पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा. दरीकडं बघायचंच नाही." रस्ता मोकळा झाल्यावर त्या दोन लाल दिव्यांमागून मी घाट चढलों. माथ्यावर पिंपळगांव जोगे धरणाचा जलाशय आहे, तेथें पावसाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. परंतु मला पाणीही दिसलें नाहीं आणि पक्षीही दिसले नाहींत. तो एस. टी. चालक पुढें सरळ गेला. मी गणेशखिंडीनें जुन्नरकडे वळलों. त्याचे आभार मानावयाचे राहिले ते राहिलेच.

ह्या ठिकाणीं माझी चूक झाली. जुन्नरास पोंचलों तेव्हां दुपार सरली होती. तेथेंच मुक्काम करून घरीं फोन करावा, हें शहाणपणाचें होतें. परंतु अजून उजेड होता, पाऊस थांबला होता, आणि नाणेघाट तीसएक किलोमीटरांवर होता. एकट्या माणसाचें सुख हें कीं, त्याला अडविणारें कोणी नसतें. त्याचा धोकाही तोच. मी पश्चिमेस निघालों.

आपटाळें, चावंड मागें टाकीत रस्ता घाटघरच्या पठारावर जातो. डाव्या हाताला जीवधनाचा कडा, समोर नानाचा अंगठा नांवाचा सुळक्यासारखा उंचवटा. आणि मग पठार एकाएकीं संपतें. पायाखालीं शेंकडों मीटर खोल कोंकण उघडतें. कड्याला येथें अर्धचंद्राचा आकार आहे. कोंकणांतून जोरानें येणारा वारा त्या बांकांत सांपडतो, आणि त्याला वर उसळण्यावांचून वाट राहत नाहीं. त्यामुळें पठारावरून कड्याखालीं जावयास निघालेलें ओढ्याचें पाणी तो पुन्हां वर उडवितो. मी उभा होतों तेथें पाऊस नव्हता, तरी माझे कपडे खालून वर येणाऱ्या पाण्यानें भिजले. पाणी वरून खालीं वाहतें, ह्या पहिल्या धड्यालाच येथें अपवाद दिसतो. आणि तो करणारा पुन्हां वाराच.

अंगठ्याच्या पोटांतून एक अरुंद घळ खालीं उतरते. तीच नाणेघाटाची प्राचीन वाट. कोंकणांतील बंदरांतून जुन्नराकडे येणारा माल सातवाहनांच्या काळीं ह्या वाटेनें चढत असे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असत असें परंपरा सांगते. घळींतून थोडें खालीं उतरलें कीं एक लेणें लागतें, आणि त्याच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लिपींतला, प्राकृत भाषेंतला लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशीं तो निगडित आहे. अश्वमेधादि यज्ञ केले त्यांचीं नांवें त्यांत आहेत. दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें आणि कार्षापण नाणीं ह्यांच्या संख्या आहेत. भारतांतील जुन्या अंकचिन्हांच्या अभ्यासांत ह्या लेखाला मोठें महत्त्व आहे. परंतु मला अधिक वेळ थांबविलें तें मागच्या भिंतीनें. तेथें एके काळीं राजकुटुंबाच्या मूर्ति ओळीनें उभ्या होत्या: सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि नागनिका, राजकुमार, महारठी. प्रत्येकाच्या वर नांव कोरलें आहे. मूर्ति आतां नाहींत. कांहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. दोन दिवसांपूर्वींच मीं घरीं तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारून पिंड दिले होते. येथेंही एका घरानें आपल्या वडीलधाऱ्यांचीं नांवें ओळीनें लिहून ठेविलीं होतीं. आकार गेले, नांवें राहिलीं. आमच्या घरींही आप्पांच्या आजोबांचें छायाचित्र नाहीं. नांव मात्र आहे.

वर आलों तों अंधार पडला होता. धुकें पुन्हां उतरलें. मोबाईल पाहिला तर त्यावर संपर्काची एकही रेघ नव्हती. सव्वासात झाले होते. मोटार चालू करून मी पायी चालण्याच्या वेगानें निघालों. दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून परत माझ्याच डोळ्यांवर येत होता. रस्त्याची कड दिसत नव्हती. आठ वाजले ते मीं घड्याळांत पाहिले. आत्या आतां फोनपाशीं बसली असेल, हें मला दिसत होतें. रस्ता मात्र दिसत नव्हता. घाटघरच्या अलीकडे हातांत विजेरी घेतलेला एक गृहस्थ आडवा आला आणि त्यानें हात करून मोटार थांबविली. "आता पुढं जाऊ नका. रस्त्यावर पाणी आलंय. आमच्याकडं ऱ्हावा." त्यांच्या घरीं नाचणीची भाकरी आणि गरम पिठलें मिळालें. घरच्या बाईंनीं ताट पुढें ठेवण्यापूर्वींच विचारलें, "घरी कळवलंत का?" मी गप्प राहिलों. फोन लागेल अशी जागा जवळपास नव्हती. अंथरूण चांगलें होतें, परंतु झोंप लागली नाहीं.

सकाळीं चावंडच्या वळणावर फोन लागला. पहिल्याच घंटेला उचलला गेला. रात्रभर घरांत कोणी निजलें नव्हतें. पुतण्या शेजाऱ्यांची मोटार मागून निघण्याच्या तयारींत होता. सौभाग्यवती कांहींच बोलली नाहीं. आत्यानें फोन घेतला. मला वाटलें, आतां बोलणीं बसणार. ती एवढेंच म्हणाली, "डोंगर काही पळून जात नव्हते रे." ह्याला उत्तर नव्हतें. एकट्यानें केलेला प्रवास आपण एकटेच करतों अशी आपली समजूत असते. वास्तविक आपण रस्त्यावर असतों तेव्हां घरचीं दहा माणसेंही त्याच रस्त्यावर असतात. फरक इतकाच कीं, आपणांस रस्ता दिसतो आणि त्यांना तो दिसत नाहीं.

त्या सकाळीं मी हळू चाललों. चावंडजवळ पूर नांवाचें खेडें आहे. तेथें कुकडेश्वराचें प्राचीन दगडी मंदिर, आणि तेंच कुकडीचें उगमस्थान. येथून सह्याद्रीची कड थोड्याच अंतरावर आहे, आणि कडेखालीं शंभर किलोमीटरांच्या आंत समुद्र. इतक्या जवळ समुद्र असतां कुकडी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि हें पाणी सारें दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातें. भूगोलांत ह्याला जलविभाजक म्हणतात. कड्याच्या त्या अंगाला पडलेला थेंब दोन दिवसांत समुद्रांत जाईल. ह्या अंगाला पडलेल्या थेंबानें मात्र वाटेंत पुष्कळ कामें करावयाचीं आहेत. पहिलें काम माणिकडोहच्या धरणांत थांबण्याचें, पुढचें येडगांवच्या. ह्या खोऱ्यांतल्या मोजणीसाठीं आप्पा उन्हातान्हांत हिंडले. बांधावर उभा राहून मीं पाणी पाहिलें. त्यांनीं मोजलेली जमीन त्याच्याखालीं आहे, आणि त्यांनीं पाहिलेलीं शेतें आतां खालच्या अंगाला हिरवीं आहेत.

शिवनेरीला रस्त्यावरूनच हात जोडून मी नारायणगांवावरून खोडदकडे गेलों. येथें द्राक्षांच्या बागांमधून एकाएकीं प्रचंड जाळीदार ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. ही डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिलेली रेडिओ-दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० ताटल्या ह्या परिसरांत पसरल्या आहेत, आणि आकाशांतून कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या लहरी त्या टिपतात. परंतु माझें काम आकाशाशीं नव्हतें. तेथून जवळच, कुकडीच्या कांठीं, बोरी नांवाचें गांव आहे. तेथें नदीच्या दरडींत मातीच्या थरांमध्यें एक फिकट, पिठासारखा थर आहे. एका शेतकऱ्यानें तो मला दाखविला. बोटांत चोळला तर किंचित् खरखरीत लागतो. ही ज्वालामुखीची राख आहे. आपल्या काळ्या खडकाच्या लाव्ह्याशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. तो थंड होऊन कोट्यवधि वर्षें झालीं. ही राख सुमारें तीन हजार किलोमीटरांवरून, सुमात्रा बेटावरील टोबा नांवाच्या ज्वालामुखींतून वाऱ्यानें आली. तेथें त्या स्फोटांनीं जो खड्डा पडला, त्यांत आज सुमारें १०० किलोमीटर लांबीचें सरोवर आहे.

ह्या राखेचें वय किती, ह्यावर विद्वानांत मोठा वाद झाला. पहिल्या मापनांत तें १४ लक्ष वर्षें धरलें गेलें. पुढें कांहींनीं तें सुमारें ७५ हजार वर्षें, म्हणजे टोबाच्या शेवटच्या महास्फोटाचें, सांगितलें. तर कांहींनीं सुमारें ८ लक्ष वर्षांपूर्वींच्या आधीच्या स्फोटाकडे बोट दाखविलें. वाद पोटतिडकीचा होण्याचें कारण असें कीं, राखेच्या सान्निध्यांत आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं. राखेचें वय ठरलें तर ह्या नदीकांठीं माणूस केव्हांपासून राहतो, हें सांगतां येईल. मी त्या दरडीपाशीं बसलों. कोणा एकानें कुकडीच्या पात्रांतला धोंडा उचलून त्याची धार काढली. आणि केव्हां तरी, तीन हजार किलोमीटरांवरचा डोंगर फुटून, आकाशांतून राख पडली. शेतकरी म्हणाला, "पुण्याची माणसं येऊन ही माती पिशव्यांत भरून नेत्यात. आम्हाला आधी वाटायचं, काय येडी माणसं!" मग थोडें थांबून म्हणाला, "आता आम्हीच दाखवतो." त्या रात्रीं मीं आळेफाट्यास मुक्काम केला आणि आठाला पांच मिनिटें असतांनाच फोन केला.

तिसऱ्या दिवशीं निघोजास गेलों. येथवर येईपर्यंत प्रदेश पार बदलतो. सह्याद्रीच्या कडेचा पाऊस येथें पोंचत नाहीं. बाजरीचीं शेतें, बाभळी, उघडे माळ. नदीच्या एका कांठाला पुणें जिल्ह्यांतलें टाकळी हाजी, दुसऱ्या कांठाला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतलें निघोज. कांठावर मळगंगा देवीचें मंदिर आहे. ह्या स्थानाला लोक कुंड म्हणतात. शांत, मातकट नदीची अपेक्षा धरून मी पुढें झालों, आणि थबकलों.

नदीचें तळ नाहींसें झालें होतें. त्या जागीं काळ्या खडकाचें एक घुसळलेलें रान होतें. खडकांत रांजण, रांजणांत रांजण. कोठें उखळ, कोठें डेरा, कोठें दोन डेऱ्यांमधली भिंत झिजून त्यांची एक कमान झालेली. कोठेंही कोन नाहीं, धार नाहीं. जणूं खडक एके काळीं दह्यासारखा मऊ होता आणि कोणी त्यांत अनेक ठिकाणीं रवी फिरवून गेलें. पावसाळा सरतांना वरून सोडलेलें पाणी मधल्या खोल घळींतून घोंघावत जात होतें. कडेच्या खळग्यांत तें हिरवें आणि स्वस्थ होतें.

ह्याची कृति साधी आहे. वेगानें जाणाऱ्या पाण्यांत खडकाच्या एखाद्या भेगेपाशीं भोवरा पडतो. भोवऱ्यांत वाळू आणि गोटे सांपडतात, आणि ते तेथल्या तेथें फिरत राहतात. पाणी खडकाला फारसें कापीत नाहीं, गोटा कापतो. पावसाळ्याचे चार महिने गोटा फिरतो, उरलेले आठ महिने स्वस्थ बसतो. पुढच्या मृगाला पुन्हां तेंच. असें हजारों वर्षें चाललें म्हणजे खडकांत रांजण होतो. हें सारें मला पाठ होतें.

मीं पिशवींतून आप्पांचा गोटा काढला. एका खळग्याच्या तळाशीं असेच गोटे दिसत होते, ते नीट पाहावे म्हणून मी खडकाच्या उतरत्या कडेवर दोन पावलें पुढें झालों. "मास्तर, मागं व्हा!" मंदिराच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानें हांक मारली. तिच्यांत इतकी जरब होती कीं, मी तसाच मागें बसलों. मग पाहिलें: माझ्या पायाखालचा खडक कांचेसारखा गुळगुळीत होता आणि त्यावर शेवाळ होतें. म्हातारा जवळ आला. "रांजणाचं तोंड लहान, पोट मोठं. आत गेलेल्याला धरायला काही नाही. इथं पट्टीचे पोहणारे गेलेत." दोन रात्रींपूर्वीं घरानें काय सोसलें, तें मला आठवलें. ह्या जागीं कोणालाही फोन करण्याची वेळ मजवर आली नसती.

मीं त्याला गोटा दाखविला आणि तो येथला आहे, वडिलांनीं नेला होता, असें सांगितलें. त्यानें तो दोन्ही हातांत घेऊन फिरविला. "हो, इथलाच. काम झालेला आहे." मीं विचारलें, "असा एक गोटा एवढा रांजण करतो, म्हणजे केवढा काळ!" म्हातारा हंसला. "एक कुठला? एक गोटा झिजून वाळू होतो, वाहून जातो. पुराबरोबर दुसरा येतो, त्याच रांजणात पडतो. तो झिजतो, तिसरा येतो. रांजण तोच. गोटे किती झाले, कुणी मोजलेत?"

तीस वर्षें मीं फळ्यावर रांजणखळग्याची आकृति काढली, आणि प्रत्येक वेळीं त्यांत एकच गोटा काढला. खळगा हें एका गोट्याचें काम नव्हे, हें मला कोणी विचारलें नाहीं आणि मीं सांगितलें नाहीं. येणारा प्रत्येक गोटा ओबडधोबड येतो. आधींच्यांनीं केलेल्या वाटोळ्या जागेंत पडतो. ती जागा तिळभर खोल करतो, आणि त्या खटपटींत स्वतः वाटोळा होऊन जातो. आप्पांनीं नेला नसता तर हाही केव्हांच वाळू होऊन बंगालच्या उपसागराकडे गेला असता. क्षणभर मनांत आलें, तो पुन्हां खळग्यांत सोडून द्यावा. तें योग्यही दिसलें असतें आणि लिहावयासही बरें दिसलें असतें. परंतु आत्याची तिसरी अट अजून मोडावयाची राहिली होती, आणि ती मोडावी असें वाटलें नाहीं. शिवाय आमच्या घरींही त्याला काम होतें. दोन तास मी सुरक्षित जागीं बसून राहिलों. "अजून किती वेळ?" असें कोणी विचारलें नाहीं. त्यासाठींच मी एकटा आलों होतों, आणि तें फुकट गेलें नाहीं.

ज्यांना ह्या वाटेनें जावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. नाणेघाटाचें उलटें पाणी भर पावसाळ्यांतच दिसतें. निघोजचे रांजण मात्र पावसाळा सरून पाणी उतरल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत, पुरते उघडे पडतात. दोन्ही एका खेपेंत साधण्याचा लोभ धरला तर दोन्ही अर्धीं मिळतात, जशीं मला मिळालीं. माळशेजांत धुकें असेल तर थांबावें. नाणेघाटाकडे मोबाईल लागत नाहीं, हें घरीं आधींच सांगून ठेवावें. मुक्कामाच्या गांवीं पोंचून मगच तेथें पाहावयास जावें, आणि उजेडीं परतावें. निघोजला ओल्या खडकावर पाऊल टाकूं नये आणि मुलांचा हात सोडूं नये.

शिरूर-पुण्यावरून मी रात्रीं घरीं पोंचलों. आत्या जागी होती. तिनें माझ्याकडे न पाहतां आधीं हात पुढें केला. मीं गोटा दिला. तिनें तो दिव्याखालीं धरून फिरवून पाहिला. "तोच आहे ना? बदलून तर नाही आणलास?" मग नळाखालीं धुतला, पदरानें पुसला, आणि मेजावरच्या विजेच्या बिलावर ठेविला.

येत्या पौषांत आम्ही सारींच निघोजास जाणार आहोंत. अकरा भुका, अकरा तहाना, आणि दर अर्ध्या तासानें तोच प्रश्न. आत्याही येणार म्हणते. तिला लांबूनच दाखवावयाचें, असें ठरलें आहे.